वहिनींचा ग्रामपंचायतीचा अर्ज भरायचाय, कुठे कुठे अडकतं?

बांधावरचा (२२ डिसेंबर २०२०, रात्री ११:१०)

मंडळी, उद्यापासून अर्ज सुरू. राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक आणि त्यात आमची एक, अकरा सदस्यांची. वॉर्ड तीनमधली एक जागा नागरिकांचा मागास प्रवर्ग महिला अशी सुटलीय आणि पॅनलवाल्यांनी वहिनींचं नाव पुढं केलंय. वहिनी 'बघू' म्हणाल्या, दादा काहीच म्हणाला नाही, आणि फॉर्म भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण काय, तर मी पुण्यात दिवसभर कम्प्युटरवरच बसतो. घरून काम असल्यामुळं सध्या गावीच आहे, त्यामुळे सबबही नाही.

आयोगाच्या साइटवर नोंदणी करायची, फॉर्म ऑनलाइन भरायचा, प्रिंट काढून सही करायची आणि तहसीलला निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर द्यायची, एवढं कळलंय. पुढचं कळत नाही.

एक. वहिनींना मोठी मुलगी २००९ ची, मग २०१३ ला जुळी मुलं. म्हणजे मोजायला गेलं तर तीन. समोरचे आत्तापासूनच पारावर 'तीन लेकरं, अर्ज उडणार' म्हणत फिरतायत.

दोन. जातीचा दाखला माहेरच्या नावाचा, मतदार यादीत नाव सासरचं.

तीन. घरपट्टी भरलीय, पण बेबाकीचा, म्हणजे थकबाकी नसल्याचा, दाखला द्यायला ग्रामसेवक भाऊसाहेब सापडत नाहीत. चार गावांचा चार्ज आहे त्यांच्याकडे.

कुणी या चरकातून गेलेलं असेल तर सांगा.

सातबारा (२२ डिसेंबर, रात्री ११:२५)

पहिला प्रश्न तुम्ही विचारलाच नाही. वहिनींना उभं राहायचंय का?

बांधावरचा (२२ डिसेंबर, रात्री ११:३१)

विचारलं. त्या म्हणाल्या, 'पाण्याच्या टाकीचं काय ते विचारायला तरी आत जाता येईल.' मी याला होकार धरलाय.

निवृत्त_नायब (२३ डिसेंबर, सकाळी ६:४०)

महसुलात तेहतीस वर्षं काढली, त्यातल्या कितीतरी निवडणुकांत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या खुर्चीवर बसलो. अनुभवाचं सांगतो. लोक मोठ्या कलमांना घाबरतात आणि अर्ज बाद होतात ते यादी क्रमांक चुकल्यामुळे, सही राहिल्यामुळे, नाहीतर रकाना मोकळा सोडल्यामुळे.

आज एकच काम करा. या निवडणुकीला २५ सप्टेंबर २०२० रोजीची विधानसभेची मतदार यादी धरलेली आहे आणि तीच प्रभागनिहाय फोडली आहे. वहिनींचं नाव त्या फोडलेल्या यादीत कोणत्या प्रभागात, कोणत्या अनुक्रमांकावर आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मोबाइलवर शोधलेला विधानसभेचा भाग क्रमांक इथे टाकू नका. माझ्यासमोर आलेल्या अर्जांत ही चूक सगळ्यात जास्त असायची. नाव दुसऱ्या वॉर्डात असलं तरी घाबरायचं कारण नाही. गावाच्या यादीत नाव असलेला माणूस गावातल्या कुठल्याही वॉर्डातून उभा राहू शकतो.

वयाचंही बघून ठेवा. ग्रामपंचायतीला एकवीस पूर्ण लागतात आणि ते मोजतात अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेला, म्हणजे यंदा ३० डिसेंबरला. एकदा एक पोरगा निकालाच्या दिवशी एकवीसचा होणार होता. वडील बुंदीची ऑर्डर देऊन आले होते. छाननीत दोन मिनिटांत विषय संपला.

अॅड_मुक्ता (२३ डिसेंबर, सकाळी ९:०५)

अपत्यांचं आधी मिटवू, कारण गावोगाव याच्यावरून उगाच भांडणं होतात.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम १४, पोटकलम १ मधला खंड (ज-१). दोनपेक्षा जास्त अपत्यं असतील तर सदस्य होता येत नाही. ही तरतूद १३ सप्टेंबर २००० पासून लागू झाली आणि वर्षभराची सवलत होती. म्हणून आपल्याकडे '१२ सप्टेंबर २००१ नंतरचं तिसरं मूल' अशी भाषा रुळली. त्या तारखेच्या आत ज्यांना चार होती त्यांची चार चालतात, पाचवं झालं की अडचण.

आता तुमच्या वहिनी. त्याच खंडाखाली स्पष्टीकरण आहे. जोडप्याला एकच अपत्य असेल आणि पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही मुलं झाली, तरी ती सगळी मिळून एक धरायची. मुलगी एक, जुळे मिळून एक, झाली दोन. अर्ज या मुद्द्यावर उडत नाही. तिघांचेही जन्माचे दाखले जवळ ठेवा, जुळ्यांवरची जन्मतारीख एकच आहे हे दाखवता आलं की झालं.

रानवारा (२३ डिसेंबर, सकाळी ९:४०)

ताई, आमच्याकडे उलटं आहे. चुलतभावाला आधी जुळ्या मुली, मग मुलगा. मग तेही दोनच ना?

अॅड_मुक्ता (२३ डिसेंबर, सकाळी १०:१५)

नाही, आणि इथेच लोक फसतात. स्पष्टीकरण 'एकच अपत्य असताना त्यानंतरचं बाळंतपण' असं आहे. पहिल्याच बाळंतपणात दोन झाली तर दोन भरली, त्यानंतरचं तिसरं. शब्दशः वाचलं तर तो मजकूर तुमच्या भावाच्या बाजूने नाही. अर्ज भरण्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या वकिलाला प्रत्यक्ष भेटा, इथल्या उत्तरावर विसंबू नका.

आणि पुढचा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगते. मूल दत्तक दिलं म्हणून आकडा कमी होत नाही. ओडिशातल्या एका आदिवासी सरपंचाने तिसरं मूल दत्तक दिल्याचं सांगितलं होतं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं नाही. जन्म किती दिले ते मोजलं जातं. ही अटच घटनाबाह्य आहे हा वाद तर २००३ मध्येच हरियाणाच्या जावेद प्रकरणात संपलाय.

झेडपीची_शाळा (२३ डिसेंबर, सकाळी ११:००)

आमदार-खासदारांना ही अट नाही, हे नमूद करून ठेवतो. शौचालयाचीही नाही. सगळी शिस्त गावाला.

सातबारा (२३ डिसेंबर, सकाळी ११:०४)

शौचालय असून भागत नाही राव, ते तुम्ही नियमित वापरता हेही सांगावं लागतं. खंड (ज-५). आमच्या एका मेंबराने हे पत्र टमरेल हातात धरून लिहिलं होतं असं गावात अजून बोलतात.

कुंदा (२३ डिसेंबर, दुपारी २:२०)

मी २०१५ ला निवडून आले होते, तेव्हाचं सांगते. दाखल्याचं टेन्शन मलाही होतं, माझाही ओबीसीचा दाखला माहेरचा. जात माहेरचीच लागते, कारण ती जन्माने ठरते, सासरचा दाखला काढायच्या भानगडीत पडू नका. फक्त 'ती ही आणि ही ती एकच' हे दाखवणारा कागद लागतो. मी लग्नाचा दाखला आणि नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र जोडलं. राजपत्रात नाव बदललेलं असेल तर आणखी बरं.

जात पडताळणीचं लक्षात आहे ना? वैधता प्रमाणपत्र हातात नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पोच अर्जाला जोडावी लागते, आणि निवडून आल्यावर मुदतीत प्रमाणपत्र देईन असं हमीपत्र. माझ्याबरोबर निवडून आलेल्या एकीने ते प्रमाणपत्र दिलंच नाही, विसरली म्हणा, कुणी सांगितलं नाही म्हणा. पद गेलं. जिंकलेल्या बाईचं पद कागदापायी जातं तेव्हा गाव कसं हसतं ते मी पाहिलंय.

अजून एक. त्या दिवशी टेबलावरच्या माणसाने माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या अर्जातलं विचारायचं ते सगळं माझ्या नवऱ्याला विचारत होता. 'शिक्षण किती?' नवरा म्हणाला, 'बारावी.' मी म्हटलं, 'बी.ए. दुसरं वर्ष.' तेव्हा कुठे मान वर केली. वहिनींना फॉर्म पाठ करून न्या.

निवृत्त_नायब (२३ डिसेंबर, दुपारी ३:१०)

कुंदाताई, त्या टेबलावर मी नव्हतो ना? (नसावा.)

शिक्षणावरून आठवलं. १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सातवी पास असणं लागतं. बरेच जण समजतात की ती अट थेट निवडलेल्या सरपंचापुरतीच होती. सदस्यांनाही आहे. वहिनींच्या वयाला लागू नसेल, पण पॅनलमधल्या पोरांचं बघा.

बांधावरचा (२४ डिसेंबर, रात्री ९:५०)

आजचा हिशेब. यादीत नाव सापडलं, वॉर्ड तीन, पण स्पेलिंगची मजा. यादीत 'सुवणा', आधारवर 'सुवर्णा'. रफार गायब. साइट सकाळी उघडली, पासवर्ड घेतला, दुपारी अर्धा फॉर्म भरला आणि 'सेव्ह' दाबल्यावर चकरी फिरत बसली ती बसलीच. महा-ई-सेवा केंद्रवाल्या पोराने तीनशे मागितले, रात्री दोन वाजता भरतो म्हणाला, तेव्हा म्हणे लाइन मोकळी असते.

पडताळणीचा अर्ज झाला, पोच मिळाली. त्यासाठी जिल्ह्याला दोन चकरा आणि वहिनींच्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला. चुलत आजोबांचा १९५० च्या आसपासचा जन्मनोंदीचा उतारा मोडीत निघाला, तो वाचायला माणूस शोधला. हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

उद्यापासून तीन दिवस सुट्टी. नाताळ, चौथा शनिवार, रविवार. अर्ज घेणार नाहीत. म्हणजे उरले २८, २९, ३०.

निवृत्त_नायब (२५ डिसेंबर, सकाळी ७:००)

रफाराने अर्ज बाद होत नाही. अनुक्रमांक, वय, पतीचं नाव जुळलं की ओळख पटते. फॉर्ममध्ये नाव यादीत आहे तसंच टाका, 'सुवणा'. सही नेहमीची करा. मतपत्रिकेवर नाव कसं हवं ते वेगळं लिहून देता येतं.

अॅड_मुक्ता (२५ डिसेंबर, सकाळी १०:३०)

बरोबर. विधानसभा-लोकसभेसाठी लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ३६(४) मध्ये हे लिहूनच ठेवलंय की भरीव स्वरूपाचा नसलेल्या दोषावरून अर्ज फेटाळू नये.

बेबाकीच्या दाखल्याबद्दल. कलम १४(१)(ह) नीट वाचलं तर अपात्रता कशाने येते? पंचायतीने कराची मागणी केली, बिल रीतसर बजावलं, आणि त्यानंतर तीन महिन्यांत भरलं नाही, तर. म्हणजे कलमात दाखल्याचा उल्लेखच नाही, बिलाचा आहे. ग्रामसेवक सापडले नाहीत म्हणून कुणी अपात्र ठरत नाही. तरीही पावत्यांच्या झेरॉक्स न्या, कारण छाननीच्या टेबलावर कलम वाचून दाखवण्यापेक्षा पावती पुढे सरकवणं सोपं.

आणि घोषणापत्राचा एकही रकाना मोकळा सोडू नका. 'निरंक' लिहा, 'लागू नाही' लिहा, पण लिहा. २०१३ मध्ये रिसर्जन्स इंडियाच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रकाने कोरे ठेवणं म्हणजे मतदाराचा माहितीचा हक्क डावलणं. अधिकाऱ्याने आठवण करूनही भरले नाहीत तर अर्ज फेटाळता येतो. गुन्हा लपवला तर त्याहून वाईट. २०१५ मध्ये ज्या प्रकरणात कोर्टाने गुन्हे लपवणं हा भ्रष्ट मार्ग ठरवला ते प्रकरण कुठल्या खासदाराचं नव्हतं, तमिळनाडूतल्या एका गावाच्या पंचायत अध्यक्षाचं होतं.

बांधावरचा (२६ डिसेंबर, रात्री ८:१५)

हे घोषणापत्र म्हणजे घरात भांडण लावायचं साधन आहे. पती-पत्नी दोघांची मालमत्ता, दोघांचं कर्ज. दादा म्हणाला, सोसायटीचं पीककर्ज लिहू नको, पाहुण्यांत कळेल. वहिनी म्हणाल्या, कर्ज कळेल म्हणून भिता, मग माझ्या अंगावरचं सोनं किती ते लिहिताना का नाही लाजलात? शेवटी दोन्ही लिहिलं. आईने पहिल्यांदा ऐकलं की दादाने २०१८ ला बँकेचंही घेतलं होतं. जेवणं उशिरा झाली.

सातबारा (२६ डिसेंबर, रात्री ८:२२)

लोकशाही घरापर्यंत पोचली म्हणायची.

रानवारा (२७ डिसेंबर, दुपारी १२:३०)

अनामत किती आहे? आमच्याकडे कुणी दोन हजार म्हणतंय.

निवृत्त_नायब (२७ डिसेंबर, दुपारी १:००)

सदस्यपदाला सर्वसाधारण ५००, राखीव प्रवर्गाला १००. दोन हजार कोण घेतंय त्याच्याकडे पावती मागा. तुलनेला सांगतो, विधानसभेला दहा हजार, लोकसभेला पंचवीस हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला त्याच्या निम्मे. शिवाय खर्चासाठी बँकेत वेगळं खातं उघडा, त्याचा तपशील द्यावा लागतो.

खानदेशी_ठेचा (२७ डिसेंबर, दुपारी ४:४५)

कशाला एवढा व्याप? आमच्या शेजारच्या गावात बिनविरोध करायचं घाटतंय. मंदिरासाठी जो जास्त देईल त्याचं पॅनल, बाकीच्यांनी अर्ज भरायचेच नाहीत.

कुंदा (२७ डिसेंबर, संध्याकाळी ५:३०)

भाऊ, त्याला बिनविरोध म्हणत नाहीत, त्याला लिलाव म्हणतात. आणि त्या लिलावात बायकांच्या राखीव जागांची बोली कोण लावतं ते सांगा बरं?

सातबारा (२७ डिसेंबर, संध्याकाळी ५:५०)

यंदा तर गंमतच आहे. सरपंचपदाची सोडत निवडणुकीनंतर निघणार. म्हणजे बोली लावणाऱ्याला माहीतच नाही की खुर्ची कुणाला सुटणार. बंद डब्यातला आंबा.

बांधावरचा (२८ डिसेंबर, रात्री ११:४५)

आज सकाळी साडेनऊला तहसीलला पोचलो, तेव्हा रांग गेटाबाहेर वडाखाली. मास्क हनुवटीवर, अंतर वगैरे काही नाही. आत तीन टेबलं, प्रत्येकावर पाच-सहा गावं. साइट दिवसभर मेलेली. लोक चारचार वेळा ओटीपी मागवतायत. एक म्हातारे गृहस्थ सुनेचा अर्ज घेऊन बसले होते. त्यांच्या केंद्रवाल्याने प्रिंट काढली त्यात प्रभाग क्रमांकच उमटला नव्हता.

आणि एक गोष्ट तुम्हाला आधी सांगायला हवी होती. आमच्या वस्तीवर गोठ्याला लागून एक पत्र्याची शेड आहे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पंचवीस वर्षांपूर्वी टाकलेली. तिचा एक कोपरा गायरानात जातो असं समोरचे म्हणतात. आज रांगेत त्यांच्यातला एक जण हसत म्हणाला, 'छाननीला भेटू.'

अॅड_मुक्ता (२९ डिसेंबर, सकाळी ७:५०)

हे तुम्ही सातव्या दिवशी सांगताय!

खंड (ज-३). सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण. पूर्वी युक्तिवाद चालायचा की सासऱ्याने केलं, सुनेचा काय संबंध. २०१८ मध्ये जनाबाई विरुद्ध अतिरिक्त आयुक्त या आपल्याच राज्यातल्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तो मार्ग बंद केला. मूळ अतिक्रमण घरातल्या दुसऱ्याने केलेलं असलं, तरी सदस्य ते वापरत राहिला तर तोही अपात्र. तेव्हा 'आबांनी टाकली' हे उत्तर छाननीत देऊ नका, ते उत्तर तुमच्या विरुद्ध जातं.

मोजणी झालीय का? अतिक्रमण नोंदवहीत नोंद आहे का? नोटीस कधी आली होती का? या तिन्हीला खरं उत्तर काय आहे ते मला आज कळवा.

बांधावरचा (२९ डिसेंबर, सकाळी ८:२०)

मोजणी कधी झाली नाही. नोंद नाही, नोटीस नाही. आबा म्हणतात बांधाच्या आत आहे. पण आबा सगळंच बांधाच्या आत आहे म्हणतात.

निवृत्त_नायब (२९ डिसेंबर, सकाळी ८:४०)

छाननीत अधिकारी सरसकट चौकशी लावत बसत नाही. त्याच्यासमोर कागद लागतो. नुसतं 'आम्ही पाहिलंय' चालत नाही. पण निवडून आल्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम १६ खाली अर्ज होऊ शकतो, तिथे मोजणी मागवली जाते. छाननीत सुटलात म्हणजे सुटलात असं समजू नका.

माझा फुकटचा सल्ला: निकाल काहीही लागो, मोजणी आणा आणि कोपरा बाहेर असेल तर तो कापा. चार पत्रे आहेत.

आणि ऐका, आयोगाने आता पारंपरिक पद्धतीने, कागदावर अर्ज घ्यायला सांगितलंय, आणि उद्या संध्याकाळी साडेपाचपर्यंत वेळ वाढवलीय. चकरी बघत बसू नका, छापील फॉर्म घ्या.

बांधावरचा (३० डिसेंबर, संध्याकाळी ७:३०)

भरला! हाताने. वहिनींनी स्वतःच्या अक्षरात. टेबलावरच्या बाईंनी विचारलं, 'अपत्ये?' वहिनी म्हणाल्या, 'बाळंतपणं दोन, मुलं तीन, दुसऱ्या खेपेला जुळी, कायद्याने दोन.' बाईंनी वर बघितलं आणि म्हणाल्या, 'मला जुळ्याच आहेत.' पोच पावती चार वाजून दहा मिनिटांची.

परवाच्या म्हाताऱ्या आजोबांचाही कागदावर झाला. निकालाची नाही, पण या पावतीची फोटोफ्रेम करावी असं वाटतंय.

झेडपीची_शाळा (३० डिसेंबर, रात्री ९:००)

अभिनंदन. एक शंका. उद्या छाननीत चुकीने अर्ज फेटाळला तर लगेच हायकोर्टात जाता येतं ना?

अॅड_मुक्ता (३० डिसेंबर, रात्री ९:४०)

जवळजवळ नाहीच. हा प्रश्न आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीइतका जुना आहे. मद्रास राज्यातल्या नामक्कलमधून पोन्नुस्वामी नावाच्या उमेदवाराचा विधानसभेचा अर्ज नोव्हेंबर १९५१ मध्ये फेटाळला गेला. ते रिट घेऊन सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि जानेवारी १९५२ मध्ये कोर्टाने सांगितलं की निवडणूक मध्येच थांबवायची नाही, तक्रार असेल तर निकालानंतर निवडणूक याचिका करा. पंचायतींसाठी हीच गोष्ट घटनेच्या अनुच्छेद २४३-ओ मध्ये आली. ग्रामपंचायतीला कलम १५ प्रमाणे निकाल जाहीर झाल्यापासून पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करायचा असतो.

ताजं उदाहरण हवं असेल तर वाराणसीचं. सीमा सुरक्षा दलातून बडतर्फ झालेल्या जवानाचा २०१९ चा अर्ज एका प्रमाणपत्राअभावी फेटाळला गेला. त्याचं अपील सुप्रीम कोर्टाने गेल्या महिन्यात, २४ नोव्हेंबरला फेटाळलं. दीड वर्षं गेलं आणि शेवटी हाती काहीच नाही. माझं मत विचाराल तर हा नियम व्यवहाराला धरून आहे, पण टेबलावरच्या माणसाच्या हातात फार ताकद देतो.

बांधावरचा (३१ डिसेंबर, दुपारी ३:३०)

छाननी झाली. अकराला सुरू, आमचा नंबर पावणेएकला. हरकत आलीच. शेडचा मोबाइलवर काढलेला फोटो. अधिकारी म्हणाले, मोजणीचा नकाशा आहे? नाही. अतिक्रमणाची नोंद? नाही. ग्रामपंचायतीची नोटीस? नाही. 'मग हा फोटो मी कुठल्या गटात धरू?' हरकत फेटाळली. जुळ्यांची हरकत घेणारा आधीच निघून गेला होता. बहुतेक कुणीतरी समजावलं असावं.

त्यांच्याच पॅनलमधला एक अर्ज मात्र बाद झाला. पडताळणीची पोच जोडलेली नव्हती, हमीपत्रही नव्हतं. पोरगा तिथेच कट्ट्यावर बसून राहिला. वाईट वाटलं खरं.

घरी येऊन आबांना म्हटलं, मोजणीचे पैसे भरून येतो. आबा म्हणाले, भर. आणि तासाभराने शेडकडे गेले ते स्वतःच पत्रे मोजत उभे होते.

सातबारा (३१ डिसेंबर, दुपारी ३:४१)

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. पत्रे जपून ठेवा, भंगारात देऊ नका.

बांधावरचा (४ जानेवारी २०२१, संध्याकाळी ६:००)

आज माघारीचा दिवस. वॉर्डातल्या त्या जागेला चार जणी होत्या, दोघींनी माघार घेतली, आता सरळ लढत. तीननंतर चिन्हं वाटली. पक्षाचं चिन्ह इथे नसतंच, मुक्त चिन्हांतलंच घ्यायचं. वहिनींनी कपबशी मागितली होती, ती समोरच्यांना गेली. आम्हाला शिट्टी. जुळ्यांनी संध्याकाळपासून घर डोक्यावर घेतलंय.

कुंदा (४ जानेवारी, संध्याकाळी ६:२०)

उद्यापासून रोजचा खर्च लिहायला एक वही करा. अकरा सदस्यांच्या गावात सदस्याला मर्यादा पस्तीस हजार. चहाचं बिल, जीपचं डिझेल, फ्लेक्स, सगळं. वही वहिनींनीच लिहायची.

खानदेशी_ठेचा (१४ जानेवारी, सकाळी १०:००)

कुंदाताई, तुमचं खरं झालं. आयोगाने दोन गावांच्या निवडणुका रद्द केल्या. नाशिकचं उमराणे आणि आमच्या नंदुरबारचं खोंडामळी. लिलावाची प्रकरणं. मी ज्या गावाचं म्हणत होतो तिथले लोक आता 'आमच्यात तसं काही नव्हतंच' म्हणतायत.

बांधावरचा (१८ जानेवारी, संध्याकाळी ७:१५)

गेलं. नऊ मतांनी. वहिनी २१२, समोरच्या २२१. आमच्याच भावकीतल्या एका घराने दगा दिला असं दादा म्हणतो, वहिनी म्हणतात पाण्याच्या टाकीपलीकडच्या वस्तीवर आपण गेलोच नाही.

मोजणीची तारीख फेब्रुवारीतली मिळालीय. आता ती रद्द करावी का, असं आबांनी विचारलं. वहिनीच म्हणाल्या, 'राहू द्या, पाच वर्षांनी परत लागेल.'

एक विचारायचं राहिलं. हरलेल्यालाही खर्चाचा हिशेब द्यावा लागतो का?

निवृत्त_नायब (१८ जानेवारी, संध्याकाळी ७:२५)

हो. निकालापासून तीस दिवसांत, म्हणजे १७ फेब्रुवारीच्या आत. शून्य मतं पडलेल्यालाही द्यावा लागतो. दिला नाही तर कलम १४-ब खाली पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं, आणि वहिनींना तर परत उभं राहायचंय. वही आहे ना?

बांधावरचा (१८ जानेवारी, संध्याकाळी ७:२९)

आहे. शेवटच्या पानावर 'शिट्ट्या, २ डझन, जुळ्यांनी हरवल्या ७' असं लिहिलंय. ते चालेल का?

निवृत्त_नायब (१८ जानेवारी, संध्याकाळी ७:३३)

दोन डझनांचं बिल जोडा. हरवलेल्या सातचं तुम्ही घरात बघा.